पाऊण वाटीचे गणित : स्वयंपाकघरातील अपूर्णांकांच्या अभ्यासाची प्रस्तावना

अपूर्णांकांची तुलना आणि वजाबाकी प्राथमिक शाळेतच शिकवली जाते आणि पुष्कळांच्या मनातून ती शाळेबरोबरच सुटते. स्वयंपाकघरात मात्र ती रोज होते. शिऱ्याला पावणेदोन वाट्या रवा हवा आणि डब्यात सव्वाच वाटी निघाला, तर आणखी किती लागेल? ‘अर्धी वाटी’ हे उत्तर हातातले काम न थांबवता दिले जाते. हाच प्रश्न ७/४ − ५/४ असा कागदावर आला की तेच माणूस थबकते. उत्तर एकच आहे, प्रश्नही एकच आहे. फरक पडला तो मांडणीने. हा फरक का पडतो, तो कमी कसा करता येईल आणि त्यातून गणिताविषयी आपल्याला काय शिकता येईल, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिले आहे. पहिला वाचक शिक्षक : ज्याला छेद आणि अंश शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावरचे कोरेपण रोज दिसते. दुसरा वाचक पालक : ज्याला मुलाला घरी शिकवायचे आहे, पण स्वतःचेच अपूर्णांक कच्चे राहिल्याची भीती आहे. आणि तिसरा वाचक स्वयंपाक करणारे माणूस, बाई असो वा पुरुष, ज्याला आपण करतो ते गणित आहे असे आजवर कुणी सांगितलेच नाही. तिघांचेही मनापासून स्वागत. या विषयात शिरायला पूर्वतयारी लागत नाही. एक वाटी, एक चमचा आणि थोडी सवड एवढे पुरते.

या अभ्यासाचे मुख्य सूत्र थोडक्यात सांगता येते. दोन अपूर्णांकांत लहान कोणता, मोठा कोणता आणि कितीने, हे ठरवायला दोघांनाही पुरे पडेल असे एकच माप शोधावे लागते. ते सापडले की उरते ती साधी मोजदाद. वरच्या उदाहरणात ते माप पाव वाटीचे आहे. पावणेदोन म्हणजे सात पाव, सव्वा म्हणजे पाच पाव. सातातून पाच गेले, दोन पाव उरले, म्हणजे अर्धी वाटी. शाळेत यालाच समच्छेद करणे म्हणतात. तिथे ती कागदावर करायची कृती असते. स्वयंपाकघरात हा समान छेद हातात धरता येतो, त्याने भरता येते, ओतता येते, मोजता येते. पुढची सगळी प्रकरणे या एका गोष्टीचाच विस्तार आहेत.

निम्म्यानिम्म्याने उतरणारी मापे

महाराष्ट्रात मेट्रिक पद्धत येण्यापूर्वी घरोघर असलेली मापे पाहिली की हे सूत्र आपल्या पूर्वजांनी भांड्यांतच घडवून ठेवले होते असे दिसते. पायलीचे चार शेर. शेराचे निम्मे मापटे, मापट्याचे निम्मे चिपटे, चिपट्याचे निम्मे कोळवे, कोळव्याचे निम्मे निळवे. वजनातही हीच उतरंड : शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. मणाच्या पायल्या कुठे बारा भरत, कुठे सोळा. शेराखालची घसरण मात्र निम्म्यानिम्म्याने होई. ऐंशी तोळ्यांचा शेर आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर सुमारे २३३ ग्रॅम आणि छटाक सुमारे ५८ ग्रॅम.

या रचनेचा मोठा फायदा असा, की कोणतीही दोन मापे घेतली तरी लहान माप मोठ्यात पूर्ण पटीनेच बसते. समान छेद शोधावा लागत नाही. दोनपैकी लहान माप हाच समान छेद. पाऊण शेर ज्वारीतून एक कोळवे काढून दिले तर काय उरले? पाऊण शेरात सहा कोळवी. एक गेले, पाच राहिली. त्यातली चार मिळून एक मापटे होते. म्हणजे उरले एक मापटे आणि एक कोळवे. कागदावर हे ३/४ − १/८ = ५/८ असे होईल. कधी शाळेत न गेलेली बाईही हे उत्तर नुसते सांगत नसे, ते मापून समोर ठेवू शकत असे.

तराजूवरची वजाबाकी तर डोळ्यांना दिसते. दुकानदाराला पाऊण किलो साखर तोलायची आहे आणि जवळ एक किलोचे व पाव किलोचे अशी दोनच वजने आहेत. तो एका पारड्यात किलोचे वजन ठेवतो, दुसऱ्यात पाव किलोचे, आणि काटा समतोल होईपर्यंत पाव किलोच्याच पारड्यात साखर ओततो. १ − १/४ = ३/४ ही मांडणी तिथे दोन पारड्यांत उभी असते. वर्गात हा प्रयोग एकदा केला की वजाबाकी म्हणजे ‘काढून घेणे’ एवढेच नसून ‘दुसऱ्या बाजूला भर घालणे’ हेही आहे, हे मुलांना वेगळे समजावावे लागत नाही.

या मापांच्या जोडीला पाढे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी : जुन्या पिढीतल्या मुलांनी हे घोकलेले असत. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै असण्याच्या काळात त्यांची गरज बाजारात पावलोपावली लागे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. वजनमापांचा कायदा १९५६ सालचा. त्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने रूढ झाली. हिशेब सोपे झाले, देशभर एकच माप आले, ही फार मोठी सोय झाली. पण पाव, पाऊण, सव्वा, दीड हे आकडे काही व्यवहारातून गेले नाहीत. आजही भाजी पाव किलो घेतली जाते, दूध दीड लिटर, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, तूप, साखर सव्वाच्या मापाने. नव्या किलोवर जुने अपूर्णांक सहज बसले, कारण २५०, ५०० आणि ७५० ग्रॅम म्हणजे पुन्हा पाव, अर्धा आणि पाऊणच. म्हणून हे ज्ञान संग्रहालयात ठेवण्याचे नाही. ते वापरात आहे, आणि वापरात आहे तोवरच त्याचा अभ्यास नीट होऊ शकतो.

सवर्णनाची परंपरा

शास्त्रीय गणितातही हा विचार आपल्याकडे जुना आहे. ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या इ.स. ६२८ मधल्या ग्रंथात अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात छेद समान करण्यासाठी लहानात लहान सामाईक पट घेण्याची रीत आहे. आपण शाळेत जो लसावि काढतो तीच ही रीत. छेद समान करण्याच्या क्रियेला संस्कृत गणितात सवर्णन म्हणतात.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) मिश्र अपूर्णांकांचे दोन प्रकार स्वतंत्रपणे येतात : पूर्णांकात भाग मिळवलेला तो भागानुबंध आणि पूर्णांकातून भाग वजा केलेला तो भागापवाह. उदाहरणादाखल तिथे विचारले आहे, की दोनमध्ये पाव मिळवले आणि तीनमधून पाव वजा केले, तर सवर्णन केल्यावर काय येईल? उत्तरे ९/४ आणि ११/४. मराठी वाचकाला ही दोन्ही उत्तरे ओळखीची वाटतील; ती आहेत सव्वादोन आणि पावणेतीन. सव्वादोन आपण मिळवून सांगतो आणि पावणेतीन वजा करून. ज्या मुलाला ‘पावणेतीन’ समजले, त्याला ३ − १/४ ही वजाबाकी आधीच समजलेली आहे. शिक्षकाने ती नव्याने शिकवण्याऐवजी त्याच्याजवळ आहे हे त्याला दाखवून द्यायचे असते.

भास्कराचार्यांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध शिलेवर कोरलेला आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. एका गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी आपल्या भूमीत संस्था उभी राहिली होती, ही गोष्ट गणिताच्या प्रत्येक मराठी शिक्षकाला बळ देणारी आहे.

लहान कोणता, मोठा कोणता

पाठ्यपुस्तकात अपूर्णांकांचा लहानमोठेपणा हा धडा अगदी आरंभी येतो, आणि पहिली अडचणही तिथेच येते. चार हे तीनपेक्षा मोठे, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, असे मुलाला वाटते. एकाच भाकरीचे तिघांत आणि चौघांत वाटे करून दाखवले की ही समजूत गळून पडते, हे शिक्षक जाणतात. त्यापुढची पायरी तितकी परिचित नाही; तिथे स्वयंपाकघर फार उपयोगी पडते.

दोन घरांतल्या शिऱ्याचे प्रमाण पाहू. एका घरी दीड वाटी रव्याला एक वाटी साखर घेतात. दुसऱ्या घरी एक वाटी रव्याला पाऊण वाटी. अधिक गोड कोणता? साखर पहिल्या घरी जास्त दिसते, पण रवाही जास्त आहे. दोन्हीकडचा रवा सारखा करून पाहावा. तीन वाट्या रवा घेतला तर पहिल्या घरी दोन वाट्या साखर लागेल, दुसऱ्या घरी सव्वादोन. दुसरा शिरा अधिक गोड, आणि तीन वाट्या रव्यामागे पाव वाटीने. आपण इथे २/३ आणि ३/४ यांची तुलना केली, त्यांतला फरकही काढला. आणि त्यासाठी केले एवढेच, की दोन्हीकडे एक गोष्ट समान केली.

हीच तुलना आणखी एका वाटेने होते. २/३ ला पूर्ण व्हायला १/३ कमी पडतो, ३/४ ला १/४. ज्याला कमी उणीव तो मोठा. म्हणून ३/४ मोठा. शिवाय ३/४ आणि २/३ यांच्यात जेवढा फरक, तेवढाच १/३ आणि १/४ यांच्यात : दोन्हीकडे १/१२. भरलेला भाग मोजायला अवघड असेल तर रिकामा भाग मोजावा, ही युक्ती ७/८ आणि ५/६ यांसारख्या जोड्यांना तर फारच सोयीची आहे.

मात्र तुलनेची एक अट कधीही विसरता येत नाही : दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णाचे असले पाहिजेत. मोठ्या वाटीची अर्धी ही लहान वाटीच्या पाऊणहून सहज अधिक भरू शकते. एका घरच्या वाटीचे प्रमाण दुसऱ्या घरी बिघडते त्याचे एक मोठे कारण हेच. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ हे पाककृतींचे पुस्तक १९१० सालचे. तो शेर-पावशेरांचा काळ. १९७० च्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत वाटी-चमच्याचे माप घरोघर पोचलेले होते. वाटी प्रत्येकाच्या हाताशी असते हा तिचा गुण, आणि प्रत्येकाची वेगळी असते ही तिची मर्यादा. एका पदार्थाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाटी वापरावी, हा जुन्या सुगरणींचा नियम गणिताच्या दृष्टीने अगदी काटेकोर आहे.

अर्धी वाटी म्हणजे तरी किती, हेही जवळून पाहण्यासारखे आहे. सरळ काठाच्या पेल्यात निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरले तर ते खरोखर निम्मे असते. वाटी मात्र खाली निमुळती आणि वर रुंद. समजा ती नेमकी अर्धगोल आहे. तिच्यात निम्म्या खोलीपर्यंत पाणी घेतले, तर ते पूर्ण वाटीच्या ५/१६ च भरते, म्हणजे एक तृतीयांशापेक्षाही कमी! खरी अर्धी वाटी व्हायला पाणी खोलीच्या जवळजवळ दोन तृतीयांशापर्यंत यावे लागते. अनुभवी हात अर्धी वाटी घेताना मधल्या रेषेच्या बराच वर का थांबतो, याचे उत्तर इथे आहे. सरळ पेल्यालाही एक सुरेख कसोटी आहे. भरलेला पेला सावकाश कलता करत जावे. पाणी एकीकडे काठाला आणि दुसरीकडे तळाच्या कडेला नेमके टेकले की आत बरोबर अर्धा पेला उरलेला असतो. कोणतीही खूण नको, कोणतेही दुसरे माप नको. भूमिती आणि अपूर्णांक इतक्या सहज एकत्र आलेले पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतील.

तीन तऱ्हेच्या वजाबाक्या

स्वयंपाकघरातली वजाबाकी तीन प्रश्नांतून उभी राहते. किती उरले? आणखी किती लागेल? दोहोंत फरक किती? कागदावर तिन्हींचे चिन्ह एकच, पण मनात त्या वेगवेगळ्या रीतीने सुटतात. ‘किती उरले’ यात आपण मागे मोजतो. ‘आणखी किती’ यात पुढे : सव्वापासून दीड, दीडपासून पावणेदोन, दोन पाव झाले. ‘फरक किती’ यात दोन राशी शेजारी ठेवून पाहतो. मुलाला तिन्ही वाटा मोकळ्या असाव्यात.

सव्वातीनमधून पावणेदोन वजा करायचे आहेत असे समजू. शाळेची रीत हातच्याची : तीनमधला एक सबंध फोडून त्याचे चार पाव केले, तर दोन आणि पाच पाव झाले, त्यातून एक आणि तीन पाव गेले, उरला एक आणि दोन पाव, म्हणजे दीड. दुसरी रीत पावांची : तेरा पावांतून सात गेले, सहा उरले, दीड. तिसरी रीत सरकवण्याची : दोन्हींत पाव-पाव मिळवला तर साडेतीनमधून दोन वजा करायचे राहतात; उत्तर दीड. दोन्ही राशी सारख्याच वाढवल्या तर फरक बदलत नाही, हे तत्त्व या तिसऱ्या रीतीत आहे, आणि पुढे बीजगणितात ते पुन्हा भेटते.

लोण्याचे माप घेताना ही वजाबाकी प्रत्यक्ष पाहायला मिळते. लोणी वाटीत दाबून भरले तरी मध्ये पोकळ्या राहतात आणि माप चुकते. त्यासाठी खुणांच्या पेल्यात आधी पाव पेला पाणी घ्यावे, मग त्यात लोण्याचे गोळे सोडत जावे. पाणी एक पेल्याच्या खुणेला पोचले की लोणी पाऊण पेला झाले. पूर्णातून पाण्याचा पाव वजा झाला, उरला तो लोण्याचा पाऊण. यात एक काळजी घ्यावी लागते : लोणी तरंगते, म्हणून ते चमच्याने अलगद दाबून पाण्याखाली ठेवूनच खूण वाचावी, तसे केले नाही तर लोणी थोडे अधिक पडते. नंतर पाणी ओतून द्यावे. वर्गात लोण्याऐवजी बटाट्याच्या फोडी घेतल्या तरी चालते.

दोन ठिकाणी मात्र जाणती माणसेही अडखळतात. पहिले ठिकाण ‘अर्धी वाटी कमी’ आणि ‘अर्ध्याने कमी’ यांतले. दोन वाट्या साखरेतून अर्धी वाटी कमी केली तर दीड उरते. ती अर्ध्याने कमी केली तर एकच. मूळ साखर एक वाटी असेल तर दोन्ही उत्तरे सारखी येतात, आणि म्हणूनच हा घोटाळा पुष्कळ दिवस लपून राहतो. दुसरे ठिकाण ‘उरलेल्याचा’ भाग. लिटरभर दुधातले निम्मे विरजायला ठेवले आणि उरलेल्याचे पाव चहाला घेतले, तर निम्मे आणि पाव मिळून पाऊण लिटर संपले असे वाटते. प्रत्यक्षात चहाला सव्वाशे मिलिलिटरच गेले. पातेल्यात ३७५ उरले. ‘लीलावती’त याच जातीचे एक उदाहरण आहे. एक यात्रेकरू जवळच्या धनाचा अर्धा भाग प्रयागला देतो, उरलेल्याचे दोन नवमांश काशीला, उरलेल्याचा पाव वाटेत करापोटी आणि उरलेल्याचे सहा दशांश गयेला. घरी येतो तेव्हा ६३ निष्क शिल्लक असतात. मुळात किती होते? उत्तर ५४०. प्रत्येक टप्प्यावर ‘पूर्ण’ बदलत जातो, हे ज्याने ओळखले त्याला हे उदाहरण अवघड नाही.

स्वयंपाकघराची आणखी एक देणगी म्हणजे उत्तराची पारख. ३/४ − १/२ करताना मूल पुष्कळदा वरचे वरून आणि खालचे खालून वजा करते आणि २/२ म्हणजे १ असे उत्तर लिहिते. कागद त्याला अडवत नाही. पाऊण वाटीतून अर्धी काढल्यावर पूर्ण वाटी उरली, हे मात्र कोणतेही मूल मान्य करणार नाही. उत्तर सुमारे किती यायला हवे हे आधी माहीत असणे, हे गणितातले मोठे शहाणपण आहे, आणि ते हाताळण्यातून येते.

तिसरा हिस्सा

निम्म्यानिम्म्याच्या मापांना एक गोष्ट जमत नाही : तिसरा हिस्सा. कितीही वेळा निम्मे केले तरी नेमका १/३ मिळत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या मापांच्या कपांत १, १/२, १/३ आणि १/४ असे चार कप असतात, आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत तर हेच कप वाटीच्या जागी आले आहेत. तिथे २/३ कपातून १/२ कप वजा करायची वेळ येते आणि पावांचा हिशेब अपुरा पडतो.

इथे लहान चमचा मदतीला येतो. अमेरिकी मापात कपाचे १६ मोठे चमचे आणि मोठ्या चमच्याचे ३ लहान चमचे, म्हणजे एका कपात ४८ लहान चमचे. अठ्ठेचाळीसला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा या सगळ्यांनी भाग जातो. २/३ कप म्हणजे ३२ चमचे, १/२ कप म्हणजे २४. फरक ८ लहान चमचे, म्हणजेच दोन मोठे आणि दोन लहान. ३/४ कप ३६ चमच्यांचा, म्हणून ३/४ आणि २/३ यांत चारच लहान चमच्यांचे अंतर. महावीराचार्यांची रीत हीच आहे : दोन्ही छेद ज्यात मावतील असा सामाईक पट शोधायचा. इथे १२ चा पट पुरला असता. चमच्याने ४८ चा दिला, तोही चालला.

या अभ्यासक्षेत्राची आजची स्थिती

रोजच्या व्यवहारातील गणिताचा पद्धतशीर अभ्यास गेल्या काही दशकांत जगभर उभा राहिला. ब्राझीलचे गणितज्ञ उबिरातान द’अम्ब्रोसियो यांनी लोकसमूहांच्या गणिताला अभ्यासविषय म्हणून मान मिळवून दिला. त्याच देशातील रेसिफे शहरात टेरेझिन्हा नुनेस, ॲनालुसिया श्लीमन आणि डेव्हिड कॅरॅहर यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विक्री करताना मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड नुसत्या अंकांत दिली तेव्हा सुमारे ३७ टक्के. मुले पाचच होती, पण या निष्कर्षाने शिक्षणशास्त्राला नवा प्रश्न दिला. आपल्याकडे मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी धारावीतील शाळकरी मुलांच्या हातकामातले गणित असेच बारकाईने पाहिले आहे.

स्वयंपाकघराचे सर्वांत गाजलेले उदाहरण जीन लेव्ह यांच्या ‘कॉग्निशन इन प्रॅक्टिस’ (१९८८) या पुस्तकातले. कॅलिफोर्नियात वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातील एका माणसाला कॉटेज चीजच्या २/३ कपाचा ३/४ भाग घ्यायचा होता. त्याने दोन तृतीयांश कप चीज मोजून पाटावर पालथे केले, थापून गोल केले, त्यावर अधिकचे चिन्ह रेखले, एक चतकोर बाजूला काढला आणि उरलेले तीन घेतले. कागदावर उत्तर अर्धा कप येते, हे त्याने तपासून पाहिले नाही.

या प्रसंगाकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते. कुणाला त्यात शाळेचे अपयश दिसते, कुणाला व्यवहाराचा विजय. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. त्या माणसाची रीत पूर्णपणे बरोबर होती आणि तिच्यात वजाबाकीची खरी समज होती : पूर्णातून एक चतकोर काढला की पाऊण राहते. पण शाळेची रीत त्याला एका क्षणात सांगू शकली असती, की अर्ध्या कपाचे माप उचल आणि भर. हाताची समज आणि चिन्हांची झेप या एकमेकींना पूरक आहेत. ५/७ मधून २/३ वजा करायची वेळ स्वयंपाकघरात येत नाही. तिथे चिन्हांचीच गरज पडते. आणि चिन्हांना अर्थ द्यायला वाटीचीच गरज पडते. मुलाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणि पुन्हा मागे बिनदिक्कत जाता यावे, हे आपले ध्येय असले पाहिजे.

वाचकाला

पुस्तकाचे पहिले दोन भाग मापे आणि तुलना यांविषयी आहेत, तिसरा वजाबाकीविषयी, चौथा तिसऱ्या हिश्शाच्या मापांविषयी आणि पाचवा वर्गात करण्याच्या प्रयोगांविषयी. क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. शिक्षकांनी पाचव्या भागापासून सुरुवात केली तरी हरकत नाही. स्वयंपाक करणाऱ्यांनी तिसरा भाग आधी वाचावा. आपण रोज वापरतो त्या रिती तिथे नावानिशी भेटतील.

या क्षेत्रात करण्यासारखे काम भरपूर आहे. गावोगावच्या मापांची नोंद करायची आहे : तुमच्या भागात चिपटे किती मोठे होते, मणाच्या पायल्या किती, मापाला शीग लावत की सपाट करत. पावकी-निमकी अजून म्हणता येणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ते पाढे आणि ते वापरण्याच्या खुब्या लिहून घ्यायच्या आहेत. मुले घरी मापताना तोंडाने काय बोलतात, कुठे थांबतात, हे ऐकायचे आहे. ही कामे मोठ्या प्रयोगशाळेत होणारी नाहीत. ती घरात आणि शाळेत होतील, आणि ती करणारा प्रत्येक जण या विषयाचा अभ्यासक ठरेल.

अपूर्णांकांची भीती घेऊन कुणीही जन्माला येत नाही. ती बसते, कारण मुलाला ठाऊक असलेली पाऊण वाटी आणि फळ्यावरचा ३/४ हे एकच आहेत हे त्याला वेळेवर कुणी सांगत नाही. ते सांगणे अवघड नाही, त्याला खर्च नाही, आणि आज संध्याकाळच्या स्वयंपाकापासून ते सुरू करता येते. मापायला मुलांना हाताशी घ्या, त्यांना आधी अंदाज करू द्या, मग मोजू द्या, आणि मोजलेले शेवटी अंकांत लिहायला लावा.